राहीबाईची सावड

देणे त्या मानाने सोपे आहे. दिलेल्याची परतफेड मोकळ्या मनाने स्वीकारणे कठीण. देणारा आपल्या औदार्याने सुखावतो, आणि घेणाऱ्याच्या मानेवर त्या औदार्याचा भार राहतो, याचे भान देणाऱ्याला क्वचितच असते. ज्या गावांत मजुरीने माणसे लावण्याची ऐपत कुणाचीच नव्हती, त्या गावांनी म्हणूनच सावडीची रीत घातली. आज तुम्ही माझ्या खाचरात वाकलात, उद्या मी तुमच्या खाचरात वाकेन. या व्यवहारात उपकार नाहीत आणि लाचारीही नाही. अशा या रीतीसमोर एक तरुण मुलगी खोटे बोलली. तिच्या मनात कपट नव्हते; तरीही ते खोटेच होते, आणि ते निस्तरण्याचा प्रसंग तिच्याआधी तिच्या वडिलांवर आला.

मुलीचे नाव उन्नती. अंजूरच्या काळूरामची ती धाकटी मुलगी. खाडीकडची त्यांची जमीन गोदामासाठी विकली गेली तेव्हा ती शाळेत होती. त्या पैशातून दुमजली घर झाले, संगमरवरी फरशी झाली, थोरल्या देवेशला मोटार आली. काळूराम झोपाळ्यावर बसू लागला. प्रथम तो सकाळी बसत असे. पुढे तो दिवसभर बसू लागला. घरात कुणी कुणाशी भांडत नव्हते. दूरदर्शनसंच अखंड चालू असे आणि त्याच्याकडे कुणाचेही लक्ष नसे. उन्नती पदवीधर झाली, त्या दिवशी पेढे आले, ते फ्रिजमध्ये राहिले आणि पुढे टाकून द्यावे लागले.

एका विश्वस्त संस्थेने तरुणांसाठी सेवावर्ष सुरू केले होते. सहा जणांचा गट, खेड्यात मुक्काम, वर्षभर पूर्ण वेळ गावाचे काम. उन्नतीने नाव दिले. आईने, कमळाने, विचारले, "कशाला जातेस? घरात तुला कमी काय हाय?"

"कमी कायच न्हाय," उन्नती म्हणाली.

"मंग?"

"मंग काय. जाते."

काळूरामने झोपाळा थांबवला नाही. "जाऊ दे," एवढेच तो बोलला. हे उत्तर संमतीचे होते की उदासीनतेचे, हे कळण्याजोगे त्याच्या आवाजात काही नव्हते. तिलाही कळून घ्यावेसे वाटले नाही.

गटाचा मुक्काम पडघ्यापलीकडच्या एका वाडीतल्या शाळेत पडला. पटसंख्या घटल्यामुळे तिथला एक वर्ग रिकामा होता. गटप्रमुख हेमाली खारबावची. बोलायला चटपटीत, झोपेतही सूचना देणारी. भिवंडीतल्या एका शिक्षकाचा मुलगा अथर्व स्वयंपाकात कच्चा आणि गप्पांत पक्का होता. बाकीचे तिघे आपापल्या घरच्या आठवणी काढत. उन्नतीला कशाचीच आठवण येत नव्हती. पहाटे उठावे, गटाचा राखाडी सदरा घालावा, फावडे घ्यावे. सायंकाळी फावडे धुऊन ठेवावे. विहिरीभोवतीचा चिखल त्यांनी काढला, शाळेमागचे गटार मोकळे केले. वाडीतली माणसे उभी राहून बघत आणि निघून जात. पाऊस सारखा लागून राहिला होता. भिंतींना ओल होती, अंथरुणाला ओल होती, पोळीच्या पिठालाही ओल्या पोत्याचा वास येत होता. पायाच्या बोटांमधली कातडी पांढरी पडून सोलली. उन्नती ती सोललेली कातडी बघे आणि मोजे चढवी.

शाळेच्या उतारावर राहीबाईची दोन खाचरे होती. राहीबाई विधवा. तिचा मुलगा बाळाराम महामार्गावरच्या एका गोदामात रात्रीच्या शिफ्टला जाई आणि सकाळी येऊन पालथा पडे. सून बाळंतपणाला माहेरी गेली होती. वाडीतल्या ज्या बायांशी राहीबाईची सावड होती त्यांच्यापैकी दोघी तापाने पडल्या होत्या. चिखल करून ठेवलेल्या खाचरात पाणी साचून होते आणि राबात, म्हणजे बी पेरलेल्या वाफ्यात, रोपे वाढून पुढे चालली होती. पातींची टोके पिवळी पडू लागली होती. रोप जून झाले की फुटवा धरत नाही, हे बघणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होते.

"आये, पडीक पडला तर पडू दे," बाळाराम पडवीत उशीत तोंड खुपसूनच म्हणाला. "त्यो जमिनीचा एजंट परत आलता. यंदा न्हाय लावलंस तर पुढल्या साली इकून टाकू."

"तू निज," राहीबाई म्हणाली. "निजेत बोललेलं मी ऐकत न्हाय."

हे संभाषण कुंपणाशी उभ्या राहिलेल्या गटाने ऐकले. हेमाली तत्परतेने पुढे झाली. "आजी, आम्ही सहा जण आहोत. उद्यापासून लावणीला येतो."

राहीबाईने त्या सहा जणांच्या हातांकडे पाहिले. "कुनाच्या सांगन्यावरून?"

"कुणाच्या नाही. आम्ही सेवा करायला आलोय."

"सेवा देवाची करत्यात. मी काय देव हाय?"

शेजारच्या बाया हसल्या. हेमाली गोंधळली. राहीबाईने शांतपणे विचारले, "तुमची शेतं कुटं हायत? मी फेडाला कुटं येऊ?"

"फेडायचं काही नाही हो, आजी," अथर्व म्हणाला. "माझं तर शेतच नाही. तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे. गॅलरीत एक तुळस आहे."

"मंग मी येऊन तुळशीला पानी घालू व्हय, लेका?"

आता बायांना हसू आवरेना. अथर्वही हसला. राहीबाई मात्र हसली नाही. "फुकटाचे हात मी घेत न्हाय," ती म्हणाली. "उद्या कुनी इचारलं, राहीबाईचं भात कुनी लावलं, तर काय सांगू? दया करनारी पोरं आली नि लावून गेली? त्यापरीस पडीक बरं."

ती वळून पडवीकडे चालू लागली. तेवढ्यात उन्नती म्हणाली, "आमचं शेत हाय."

राहीबाई थांबली.

"अंजूरला. खाडीच्या अंगाला."

"लावनी झाली?"

"न्हाय. खारं रान हाय. पावसानं मीठ धुतल्याबिगर लावत न्हाईत. उशिरा होते."

हे सारे एकेकाळी खरे होते. तिने लहानपणी ऐकलेले शब्द होते ते, आणि ते तोंडातून निघताना तिला ना भीती वाटली ना लाज. जणू दुसऱ्याच कुणी ते उच्चारले होते. राहीबाईने तिच्याकडे निरखून पाहिले. खाऱ्या रानाची ही गोष्ट पुस्तकातून येत नाही, एवढे तिला पुरेसे होते.

"ठरलं तर," ती म्हणाली. "हिची सावड. बाकीची तुमी हिच्याबरूबर आलेली मानसं. उद्या उजाडताना या. मोजे घालून येऊ नका, चिखल मोजे ठेवून घेतो."

दुसऱ्या दिवसापासून काम सुरू झाले. राबातून रोपे उपटायची, मुळांचा चिखल पाण्यात धुवायचा, मुठी बांधायच्या, बांधावरून खाचरात फेकायच्या, आणि मग ओळीने वाकून मागे मागे सरत लावत जायचे. वाकलेल्या पाठीवर प्लास्टिकचे इरले आणि इरल्यावर पाऊस. पहिल्या दिवशी अथर्वची रोपे उभीच राहिनात. ती पाण्यावर तरंगत बांधाला येऊन लागली. "तुझं भात घरी चाललं बघ," राहीबाई म्हणाली, आणि मागे जाऊन तिने तेवढी ओळ परत लावली. हेमालीच्या तोंडच्या सूचना दुपारपर्यंत बंद पडल्या. उन्नतीच्या बोटांना आईबरोबर लहानपणी केलेले हे काम आठवत होते. तिला स्वतःला आठवत नव्हते. अंगठा चिखलात शिरे, रोप बसे, हात वर येई. कंबर दुखू लागली, पुढे दुखणे लाकडासारखे घट्ट झाले, पुढे तेही जाणवेनासे झाले. भाकरी खाताना बोटांच्या चिरांत तिखट शिरले तेव्हा तिने बोटे पाण्यात बुडवली आणि परत जेवू लागली.

बाळाराम दुपारी उठून बांधावर आला. लावलेले खाचर बघत उभा राहिला. मग पँट गुडघ्यावर दुमडून आत उतरला. राहीबाईने सरकून त्याला ओळीत जागा दिली.

दोन्ही खाचरे लागून झाली त्या सायंकाळी अथर्व हात धुता धुता उन्नतीला म्हणाला, "खरंच शेत आहे ना तुमचं?"

"होतं."

अथर्वचे हात थांबले. "मग सांग ना तिला. ती खरोखर येईल गं."

"सांगते."

"कधी?"

"सांगते म्हटलं ना."

तिने सांगितले नाही. राहीबाई वाटेत भेटे आणि विचारी, "मीठ धुतलं का गं?" उन्नती मान हलवी. त्या मान हलवण्यातून होकार काढायचा की नकार, हे तिने राहीबाईवर सोडले होते. आपण एका वृद्धेला फसवत आहोत, हे तिला कळत होते. पण ते दुसऱ्या गावात वाजणाऱ्या ढोलासारखे लांबून कळत होते.

अखेर एका सकाळी राहीबाई शाळेच्या दारात उभी राहिली. तापातून उठलेल्या दोघी बाया तिच्याबरोबर होत्या. तिघींच्या काखेत इरली, हातात भाकरीची गाठोडी. "चल, पोरी," ती म्हणाली. "दुसऱ्याचं अंगावर ठेवून मला भात गोड लागायचं न्हाय."

हेमालीने गटाला सुटी दिली आणि सगळेच निघाले. पडघ्याहून बस, भिवंडीहून रिक्षा. बसमध्ये राहीबाई खिडकीशी बसली होती. "तुझा बाप चांगला मानूस असंल," ती म्हणाली. "पोरीला लावनी शिकवली." उन्नती पुढच्या बाकाच्या लोखंडी दांड्याकडे पाहत राहिली. सांगायला तिथेही वेळ होता. तो वेळ गेला.

अंजूरला घरासमोर रिक्षा थांबल्या. मोटारीशेजारी तीन चिखलाने माखलेल्या पायांच्या बाया इरली घेऊन उभ्या राहिल्या. काळूराम झोपाळ्यावर होता. पांढरी पँट, पांढरा सदरा. कमळा आतून पदर सावरत आली आणि बघतच राहिली.

"घरधनी तुमीच ना?" राहीबाई म्हणाली. "रान दावा. आमी तुमच्या पोरीची सावड फेडाला आलो."

"कनची सावड?" काळूराम म्हणाला.

उन्नतीने सांगितले. कुणाकडेही न पाहता, एका दमात. बोलून झाल्यावर झोपाळ्याची कडी हलायची थांबली.

काळूराम उठला. फाटकाशी येऊन त्याने हात लांब केला. "त्यो निला पत्रा दिसतो ना, बाय? त्याच्याखाली हाय आमचं रान."

तिघी बाया निळ्या पत्र्याकडे बघत उभ्या राहिल्या. एक मोठा ट्रक मागे सरकत होता आणि त्याचा भोंगा सारखा वाजत होता. राहीबाई पायरीवर बसली. तिचा आवाज चढला नाही. "पोरी, मी वाडीत सांगून आले, पोरांचं फेडून येते म्हनून. आता कंच्या तोंडानं जाऊ? ते उभं भात मी कुनाचं म्हनू?"

कमळा लगबगीने आत गेली आणि कपाटातल्या तीन नव्या साड्या, नारळ, तांदूळ असे ताट भरून घेऊन आली. "बाय, एवढ्या लांबून आल्यात, एवढा मान घ्या. चहा ठेवलाय. पोरगी चुकली, तुमी राग धरू नका."

राहीबाईने ताटाकडे पाहिले आणि दोन्ही हात मांडीखाली घेतले. "मी मागाला आले न्हाय, माय."

ताट कमळाच्या हातात तसेच राहिले. अथर्व जमिनीकडे बघू लागला. उन्नतीने आईचा चेहरा पाहिला. तो गोरामोरा झाला होता आणि तिला वाटले, हे मी केले. सेवावर्ष सुरू झाल्यापासून तिला काही वाटण्याची ती पहिली वेळ होती.

थोड्या वेळाने राहीबाई म्हणाली, "आमच्यात ज्याला रान न्हाय त्यानं आपली सावड दुसऱ्याला दिली तर चालतं. तुमच्या भावकीत कुनाचं रान उघडं हाय? त्याचं नाव घ्या. आमी तितं उतरतो. तुमचं फिटलं, माझं फिटलं."

 मग कमळा हळूच म्हणाली, "मोठे भावजी हायत ना. एकले लावतात."

"त्याचं नाव काढू नको," काळूराम म्हणाला.

सावळाराम हा काळूरामचा सख्खा थोरला भाऊ. आपल्या वाटणीची जमीन त्याने विकली नव्हती. विक्रीच्या वेळी त्याने भर पंचांसमोर धाकट्याला 'आयशीला इकनारा' म्हटले होते, आणि तेव्हापासून दोघांचे बोलणे नव्हते. एका गल्लीत राहून दोघे दोन वाटांनी जात.

"बाबा," उन्नती म्हणाली, "खोटं मी बोलले. शिक्षा मला करा. पन मी एकली गेले तर काका घेनार न्हाईत. सावड देनारा घरधनी लागतो. तुमीच लागाल."

काळूरामने मुलीकडे पाहिले. तिच्या बोटांच्या चिरा, नखांतला काळा चिखल, उन्हापावसाने रापलेली मान.  मग त्याने पायात चपला सरकवल्या आणि फाटक उघडले. कमळाने ताट खाली ठेवले आणि तीही निघाली.

गोदामाच्या भिंतीला लागून वाट होती. वाटेवरच्या रखवालदाराने काठी आडवी धरली. "इतने लोग किधर? यहाँ से अलाउड नहीं है, सेठ."

"खेत में जा रहे हैं," काळूराम म्हणाला. रखवालदाराने त्याला रोज झोपाळ्यावर पाहिले होते. तो बाजूला झाला.

भिंत संपली आणि सावळारामचे रान लागले. गोदामाच्या भरावामुळे पाणी अडून खाचरांचा निम्मा भाग तळ्यासारखा झाला होता. म्हातारा सावळाराम एकटाच गुडघाभर पाण्यात वाकलेला होता. एवढी माणसे बांधावर आलेली पाहून तो सरळ झाला. सरळ व्हायला त्याला कमरेवर हात द्यावा लागला.

"काय रं," तो म्हणाला. "वाट चुकलास कं?"

"न्हाय, दादूस." तो शब्द काळूरामच्या तोंडून कित्येक वर्षांनी निघाला होता. "सावड आनलीय."

"कुनाची?"

"माझ्या पोरीची. ह्या बायांच्या रानात तिनं लावनी केली. तिला फेडाला आल्यात. माझं रान न्हाय, म्हनून तुला देतो."

सावळाराम हसला. ते हसू ऐकणाऱ्याला सुखाचे नव्हते. "शहाना हायस. घेतली तर मी तुझा देनेकरी. मंग मी कुटं फेडू? त्या पत्र्यावर भात लावू तुझ्या?"

पाऊस पडतच होता. काळूरामचा पांढरा सदरा अंगाला चिकटला होता.   मग तो खाली वाकला, चपला काढून त्याने बांधावर ठेवल्या आणि म्हणाला, "फेडाची असंल तर एक कर. लावनीला, कापनीला मला हाक मारत जा."

 सावळारामने मान फिरवली, आणि पाठमोराच राबाशी जाऊन रोपांची एक मूठ उचलली. तिचे पाणीही न झटकता त्याने ती धाकट्याच्या अंगावर फेकली. पांढऱ्या पँटीवर चिखलाचा पट्टा उठला. काळूरामने मूठ पडू दिली नव्हती. ती त्याच्या दोन्ही हातांत होती.

"त्या कोपऱ्यातून धर," सावळाराम म्हणाला. "हितं खोल हाय. पडशील."

सगळे उतरले. राहीबाई आणि तिच्या सोबतिणी ओळ धरून भराभर मागे सरू लागल्या. अथर्वची रोपे आता उभी राहत होती, हे त्याने दोनदा ओरडून सांगितले. "तुळशीवाल्या, बोलू नको, लाव," असे राहीबाईने त्याला बजावले. कमळाने साडी खोचली. काळूराम थोडा लावी आणि थांबे. त्याचा श्वास मोठ्याने ऐकू येत होता. सावळाराम त्याच्या शेजारची ओळ धरून त्याच्याच संथ गतीने चालला होता.  एकदा काळूराम पाण्यात बसला तेव्हा थोरल्याने त्याच्या दंडाला धरून त्याला उठवले, आणि लगेच हात काढून घेतला.

उन्नती वडिलांच्या मागच्या ओळीत होती. तिला रडू आले नाही, हायसेही वाटले नाही. गार चिखल पोटऱ्यांना लागत होता आणि कंबर ठणकत होती. तो ठणका आपलाच आहे, एवढे तिला स्पष्ट कळत होते.

दिवस कलला तेव्हा पाण्याखालचा भाग सोडून बाकी सारे रान लागले होते. बांधावर बसून सर्वांनी भाकरी खाल्ल्या. राहीबाई हात धुऊन उन्नतीसमोर येऊन उभी राहिली. "माझं फिटलं," ती म्हणाली. "तुझं खोटं मातर माझ्याकडं न्हाय फिटायचं. ते तू नि तुझं मन."

"व्हय, आजी."

"उद्या शाळंमागं काय काम हाय तुमचं?"

"गटार परत भरलंय."

"मंग चला. अंधार पडायच्या आत बस गाठू."

उन्नतीने वडिलांना आणि काकांना वाकून नमस्कार केला. दोघांचेही हात चिखलाने भरलेले होते, म्हणून आशीर्वाद देताना त्यांनी ते तिच्या मस्तकावर टेकवले नाहीत, वरच धरले. मग ती गटाबरोबर निघाली. पुढे जवळजवळ संपूर्ण वर्ष होते.

खाऱ्या रानातले ते भात धरो, आणि उतारावरच्या खाचरांतलेही. हाक मारावी असा भाऊ ज्याला आहे, त्याला हाक मारण्याचे बळ मिळो. हात देणाऱ्यांना, हात घेणाऱ्यांना आणि अजून ज्यांच्या मनाला जाग यायची आहे त्या लेकरांना ईश्वर आरोग्य देवो, अन्न देवो, आणि एकमेकांच्या बांधावर ताठ मानेने उभे राहता येईल एवढा सरळपणा देवो. स्वस्ति.